यंदाचं पीक

मावशी, आपलं भांडण अर्धंच राहिलं. "उद्या सांग मला," असं म्हणालीस आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, रागावलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर न सापडताच मी चहा घेऊन आले, तर तुला चहाही नको होता आणि उत्तरही. त्यानंतर तू शुद्धीवर आलीस ती अगदी थोडा वेळ, आणि तेवढ्या वेळात भांडायचं कसं?

घरात आता फारसं कुणी बोलत नाही. तशी मी आधीही बोलत नव्हते, पण तू असताना ते कुणाच्या लक्षात येत नसे. आता पप्पा जेवताना मधेच थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मी काहीतरी म्हणेन असं त्यांना वाटत असावं. मी पाण्याचा तांब्या पुढे करते.

आई गेली तेव्हा तू तुझी हिरवी ट्रंक घेऊन आमच्याकडे आलीस. "बेबी शाळेत रुळेपर्यंत राहते, मग बघू," असं पप्पांना म्हणाली होतीस म्हणे. मी शाळेत रुळले, शाळा संपली, कॉलेज संपलं, तरी ती ट्रंक तिथेच होती. सकाळी पांढरी साडी नेसून तू मिशनच्या दवाखान्यात जायचीस, संध्याकाळी डेटॉलचा वास घेऊन यायचीस. मला नगरला इंग्लिश मिडियमला घालायचा हट्ट तुझाच. पप्पा स्वतः मराठी शाळेचे हेडमास्तर, त्यांना ते आवडलं नव्हतं. तू म्हणालीस, "दाजी, पोरगी लाजाळू आहे. इंग्रजी आलं तर कुणापुढे मान खाली घालणार नाही." तुझा अंदाज चुकला. मी दोन भाषांमध्ये मान खाली घालायला शिकले.

पण मान खाली असली की खूप काही दिसतं. चर्चमध्ये मला लोकांचे चेहरे कधी नीट दिसले नाहीत, हात मात्र सगळ्यांचे पाठ आहेत. पाळकसाहेबांचे हात आशीर्वाद देताना थोडे वाकडे होतात. पप्पांची बोटं खडूनं कायमची कोरडी पडली आहेत. तुझे हात रुंद होते, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, आणि प्रार्थनेच्या वेळी तू ते कधी जोडायची नाहीस. मांडीवर तळवे वर करून ठेवायचीस. लहानपणी मी विचारलं होतं, असं का. तू म्हणालीस, "मागायला आलोय ना? मग हात उघडा नको?"

चर्चच्या मंडळीत तू सगळ्यांची मार्थाबाई होतीस. निम्म्या पोरांचा जन्म तुझ्याच हातांवर झालेला. तरी लोक तुला थोडे बिचकून असायचे, कारण पुढे काय बोलशील याचा नेम नव्हता. निवडणुकीच्या आधीची ती उपासना मला आठवते. पाळकसाहेब लांबलचक प्रार्थना करत होते. देशाच्या नेत्यांना सुबुद्धी दे, मंत्र्यांना आयुष्य दे, कलेक्टरसाहेबांना आरोग्य दे. ते श्वास घ्यायला थांबले आणि तू डोळे मिटूनच मोठ्यानं म्हणालीस, "आणि रोजंदारीवरच्यांना रोज दे, प्रभो." मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. पाळकसाहेबांना 'आमेन' म्हणण्यावाचून इलाज राहिला नाही.

घरी येताना पप्पा म्हणाले, "मार्था, प्रार्थना पाळक करतात."

"मग आम्ही काय करतो तिथं बसून?"

"ऐकतो."

"दाजी, देव ऐकतो. आपण सगळेच ऐकायला लागलो तर बोलायचं कुणी?"

तुझं मत लाल बावट्याला जायचं आणि ते तू लपवत नव्हतीस. आमच्या मंडळीत ही काही साधी गोष्ट नव्हती. आम्ही सत्तेला मान देणारी माणसं. मिशनचे गोरे साहेब होते तेव्हा त्यांना सलाम, ते गेले तेव्हा जो खुर्चीवर बसेल त्याला सलाम. आम्ही दारू पीत नव्हतो, सिनेमाला जात नव्हतो, मोर्च्याला तर नाहीच. पप्पा तुला म्हणायचे, "ते लोक देव मानत नाहीत, मार्था. त्यांच्या झेंड्याखाली तू चालतेस आणि रविवारी येऊन प्रभुभोजन घेतेस. दोन्ही कसं जमतं तुला?"

तू भाकरी मोडत शांतपणे म्हणायचीस, "प्रभूनंच शिकवलंय, उपाशी माणसाला जेवू घाला. ते म्हणतात, तो उपाशी का राहिला ते विचारा. मला दोन्ही पटतं."

"तू सरळ त्या लोकांमध्येच का जात नाहीस मग?"

"तिथं गाणी फार बेसूर म्हणतात, दाजी."

पप्पांना हसू यायचं. ते दाबायला ते पाणी प्यायचे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू भाकरीकडे बघत असायचीस, मी त्यांच्याकडे.

एकदाच ते खरोखर चिडले. तू म्हणालीस, "दोन पिढ्यांमागं आपणसुद्धा गावाबाहेरच होतो, दाजी. आपले आजे मिशनच्या शाळेत गेले म्हणून आज तुम्ही हेडमास्तर आहात. जे राहिले ते आजही तिथंच आहेत." पप्पांनी ताट बाजूला सारलं. "बेबीसमोर हा विषय नको," म्हणाले आणि उठून गेले. मला तो विषय माहीत होता. शाळेत मुली मला माझं आडनाव दोनदा विचारायच्या, तेव्हापासून माहीत होता.

मग गेल्या सालचा तो दुष्काळ आला. विहिरी आटल्या, रेशनवर तांबडा मिलो आला. त्याच्या भाकरी थापताना तुटायच्या आणि तू म्हणायचीस, "अमेरिकेची ज्वारी, तिला मराठी वळण नाही." केडगावच्या पुढे आमच्या चर्चपासून जवळच खडी फोडण्याचं काम निघालं. माळावर दगडांचे ढीग आणि त्यांच्यापुढे ओळीनं बसलेल्या बाया, डोक्यावर फाटक्या साडीचं छप्पर. चर्चमधून घंटा ऐकू यायची तशी तिथून हातोड्यांची टकटक ऐकू यायची. उपासना चालू असतानासुद्धा. पाळकसाहेबांनी खिडक्या बंद करायला सांगितल्या.

तू सुट्टीच्या दिवशी तिकडे जायला लागलीस. सुरुवातीला फक्त मलमपट्टीसाठी. बायांची बोटं ठेचलेली, डोळ्यांत कपच्या उडालेल्या. एकदा मला बरोबर नेलंस, बँडेज कापून द्यायला. तिथं हौसाबाई भेटली. पाथर्डीकडची, घरदार तिकडे सोडून कामामागं इथवर आलेली. तिच्या अंगठ्याला पट्टी बांधताना तू म्हणालीस, "हौसाबाई, दोन दिवस हातोडी धरू नका."

"मंग काय तोंडात धरू?" ती म्हणाली. तू इतकी हसलीस की गाठ सुटली आणि पट्टी पुन्हा बांधावी लागली.

तिनंच तुला सांगितलं, की ढीग मापात बसला नाही असं म्हणून मुकादम मजुरी कापतो, आणि माप त्याच्याच हातात असतं. "आमी बोल्लो तर म्हनतो, उद्यापासून येऊ नगा. तुमी शिकल्याल्या हाय, तुमी बोला की." तू बोललीस. आधी मुकादमाशी, मग कचेरीत, आणि शेवटी त्या बायांबरोबर तहसीलवर चालत गेलीस. लाल झेंड्यांच्या पुढे, दवाखान्याच्या पांढऱ्या साडीत. ते सगळ्या नगरनं बघितलं. पप्पांना शाळेत तिघांनी येऊन सांगितलं. पण मजुरी पुरी मिळायला लागली, हेही खरं.

एवढ्यावर मंडळीनं तुला काही केलं नसतं, असं मला अजूनही वाटतं. कुजबुज झाली असती आणि विरली असती. पण मग हंगामाचा सण आला.

तो सण मला लहानपणापासून फार आवडायचा. लोक आपापल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक घेऊन यायचे, बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. सगळं प्रभुभोजनाच्या मेजाभोवती मांडायचं, आणि उपासना झाली की तिथंच लिलाव. लिलाव पप्पा करायचे. वर्षातला तेवढाच एक तास माझे पप्पा वेगळेच असायचे. कोट काढून बाही दुमडायचे आणि ओरडायचे, "ही बघा कोंबडी! पाय लंगडा आहे, पण अंडं सरळ घालते! कोण म्हणतं दीड?" पाळकसाहेबसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसायचे. त्या तासापुरते मला पप्पा सगळ्यांसमोर माझे वाटायचे.

दुष्काळाच्या त्या वर्षी मेजाभोवती फारसं काही नव्हतं. दवाखान्याच्या विहिरीवरची चार वांगी, थोडी अंडी, कुणाच्या घरचं जुनंच धान्य. आणि एक पाटी, वरून धुतलेल्या पंच्यानं झाकलेली. ती तू सकाळी लवकर आणून ठेवली होतीस. मला माहीत होतं आत काय आहे.

पप्पांनी वांगी विकली. "ही वांगी नाहीत, साक्षात चमत्कार आहेत, पाण्यावाचून वाढलीत!" अंडी विकली. मग पाटीवरचा पंचा काढला आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"हे काय आहे?"

"पीक," तू जागेवरून म्हणालीस. "यंदाचं."

पाटीत खडी होती. मुठीत मावतील एवढे, कडा धारदार असलेले काळे दगड. चर्चमध्ये आधी हशा झाला, मग तो हळूहळू थांबला. पोरानं भाकर मागितली तर कोणता बाप त्याला दगड देईल, ही शास्त्रातली ओळ तिथं प्रत्येकाला पाठ होती. लोकांना वाटलं, तू देवाला विचारते आहेस. आम्ही मागितलं काय, देवा, आणि तू दिलंस काय. देवाच्याच मेजापाशी, देवाला टोमणा.

तुझ्या मनात तसं काही नव्हतं. आदल्या दिवशी दगड धूत बसली होतीस तेव्हा मला म्हणालीस, "बेबी, माळावर यंदा एवढंच निघालंय. पण हेसुद्धा कुणाच्या तरी हातचंच आहे ना? मग ते देवापुढं का नको?" इतकं साधं होतं ते. हे मी नंतर पप्पांना सांगितलं, पाळकसाहेबांना सांगायलाही गेले. त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

तू म्हणालीस, "बोली लावा की, दाजी. प्रत्येक पिकाला लावता."

दाराशी हौसाबाई आणि चार-पाच बाया उभ्या होत्या. तूच त्यांना सण बघायला बोलावलं होतंस. चपला बाहेर काढून त्या उंबऱ्याच्या आत यायला लाजत होत्या. हौसाबाईनं पदर सावरला आणि तिथूनच हाक दिली, "चार आणे! आमच्या हातची हाय ती!"

पप्पांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, बाही खाली सोडणारे हात दिसले. एक बाही, मग दुसरी. ते म्हणाले, "लिलाव मंडळीसाठी आहे. बाहेरच्यांची बोली चालत नाही."

मावशी, तू उभी राहिलीस. तुझा आवाज चढला नव्हता, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. तू म्हणालीस, "देवाच्या घरात बाहेरचं कोण आहे, दाजी? मला दाखवा."

पाळकसाहेबांनी घाईघाईनं आशीर्वाद दिला आणि सण संपला. पाटी कुणीतरी मागच्या बाजूला घंटेच्या खांबापाशी नेऊन ठेवली. हौसाबाई जाता जाता तुला म्हणाली, "लई दिस झालं, आमच्यावरून कुनी भांडलं न्हवतं बाई."

मंडळीच्या पंचांची बैठक आमच्याच घरात झाली, कारण पप्पा मुख्य पंच. तू आत चहा केलास. त्यांनी तो घेतला. पुढच्या रविवारी पप्पांनी उभं राहून सांगितलं, की मार्थाबाईंनी प्रभूच्या मेजाचा आणि पंचांचा अपमान केला आहे, आणि मंडळीपुढं उभं राहून माफी मागेपर्यंत त्यांना प्रभुभोजन बंद आहे. सांगताना त्यांनी तुला 'मार्थाबाई' म्हटलं. घरी येऊन त्यांनी विचारलं, "मार्था, दूध तापवलंस का?"

मला वाटलं होतं, तू आता चर्चला जाणार नाहीस. नगरात दुसरी चर्चेस होती. लाल बावटेवाले तर तुला डोक्यावर घेऊन नाचले असते. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, तू इस्त्रीची साडी नेसून माझ्याआधी तयार होतीस. खिडकीजवळच्या आपल्या नेहमीच्या जागी बसलीस. पंच भाकरीच्या तुकड्यांचं ताट घेऊन ओळीतून फिरतात, प्रत्येकापुढे धरतात. आपल्या ओळीत पप्पा असतात. तुझ्यापाशी आल्यावर त्यांनी ताट थोडं वर उचललं, तुझ्या गुडघ्यांवरून पुढे आणलं आणि माझ्यासमोर धरलं. तुझे हात मांडीवर होते, तळवे वर, नेहमीसारखे उघडे.

असं दर महिन्याला. तू एकही चुकवला नाहीस. वाटेत मी तुला विचारायची, "कशाला येतेस गं? त्यांना नको आहेस तू."

"ते माझे आहेत ना पण."

"ते तुझे नाहीत."

"बेबी, मला प्रार्थना यांनी शिकवली. अक्षर यांनी शिकवलं. आई-बाप मेल्यावर यांनीच वाढवलं. मी काय त्यांना सोडून पळू? मी भांडणार. आणि भांडायचं तर घरात राहूनच भांडता येतं."

मला ते पटायचं नाही. पुण्याच्या शाळेत मी नोकरीसाठी अर्ज केला होता आणि मनातून कधीच निघून गेले होते. मला असं घर हवं होतं जिथं कुणी कुणाच्या गुडघ्यांवरून ताट उचलत नाही. माझं म्हणणं होतं, ज्यांना नको आहोत तिथं थांबणं म्हणजे भित्रेपणा. तुझं म्हणणं होतं, निघून जाणं सोपं. हे भांडण आपण पावसाळाभर भांडलो. मी इतकं कुणाशीच कधी बोलले नव्हते. तुझ्याशी भांडताना मी मान वर करून बोलायची, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

यंदा पाऊस झाला आणि तुझ्या पोटातली गाठ वाढली. तू नर्स, तुला सगळं कळत होतं. डॉक्टरांशी तू दुसऱ्याच कुणाच्या तरी आजाराबद्दल बोलावं तशी बोलायचीस. घरी आणल्यावर सांगितलंस, "दाजी, माझी साडी इस्त्री करून ठेवा. प्रभुभोजनाला जायचंय." पण रविवारी तुला उठून बसताही येईना. पप्पांनी पाळकसाहेबांना विचारलं, घरी येऊन देता येईल का. पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सांगितलं, "दोन शब्द बोलल्या तरी पुरे. मंडळीपुढं नको, माझ्यापुढं बोलू देत. मी लगेच येतो."

पप्पांनी तुझ्या खाटेपाशी बसून ते सांगितलं. इतक्या हळू, की जणू तेच माफी मागत होते. तू त्यांच्या हातावर हात ठेवलास आणि मान हलवलीस. नाही.

तो रविवार. मी एकटी गेले. पप्पांनी माझ्यापुढे ताट धरलं. मी भाकरीचा तुकडा उचलला, तोंडाशी नेला आणि रुमालात घेतला. आमच्यात असं कुणी करत नाही. घरी आल्यावर पप्पा अजून वाटेत होते तेव्हा मी तुझ्या उशाशी बसले आणि रुमाल उघडला.

तू त्या तुकड्याकडे खूप वेळ बघितलंस, मावशी. तुझे ओठ कोरडे पडले होते. तुला तो किती हवा होता ते मला दिसत होतं. जगातल्या दुसऱ्या कशाकडे तुला मी असं बघताना पाहिलं नाही. मग तू माझी बोटं मिटवलीस, तुकड्यासकट.

"चोरून नको गं," तू म्हणालीस. "सगळ्यांच्यात बसून हवाय. ताटातून. दाजींच्या हातून."

आणि मी चिडले. मरणाऱ्या माणसावर मी चिडले. "मग म्हण ना एकदा सॉरी! दोन शब्दांचा प्रश्न आहे! काय बिघडतं?"

"कशाबद्दल?"

मी रुमालाची टोकं जुळवायला लागले.

"दगड आणले म्हणून? हौसाबाईला बोलावलं म्हणून? बाहेरचं कोण, हे विचारलं म्हणून? तू शिकलेली आहेस, बेबी. तूच सांग, कशाबद्दल म्हणू. खरंच चुकलं असेल तर मी म्हणेन." तुला दम लागला. "आता नको. उद्या सांग मला."

तो तुकडा शेवटी मीच खाल्ला. स्वयंपाकघरात, उभ्यानं.

तू गेलीस त्या दिवशी घंटा वाजली. वाजवायची की नाही यावर पंचांमध्ये थोडी बोलाचाली झाली असं ऐकलं, पण ती संपायच्या आत कुणीतरी दोर ओढायला सुरुवात केली होती. कोण ते कुणी सांगत नाही. कबरस्तानात हौसाबाई आणि तिच्या बाया भिंतीपलीकडे उभ्या होत्या. पाऊस झाल्यावर काम बंद पडलं, तरी त्या कुठून कुठून आल्या होत्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. चांगली केली, लांब नव्हती. माती लोटून झाली. ओली माती कुत्री उकरतात म्हणून आमच्याकडे वर दगड आणि बाभळीचे काटे ठेवतात. पप्पा म्हणाले, "मी आणतो," आणि चर्चच्या मागे गेले.

ते परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर ती पाटी होती. वर्षभर घंटेच्या खांबापाशी पडून असलेली. माझे पप्पा, कोटातले हेडमास्तर, डोक्यावर पाटी घेऊन येताना मी कधी बघितले नव्हते. त्यांनी खाली वाकून ती खडी तुझ्यावर ओतली आणि हातानं पसरली. ती खडी कुत्री अडवण्याइतकी मोठी नव्हती, मावशी. तिचा काही उपयोग नव्हता. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही.

भिंतीपलीकडून हौसाबाई म्हणाली, "आमचीच हाय न्हवं ती?"

"व्हय," पप्पा म्हणाले. "तुमचीच." या बोलीत ते बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी फाटकाकडे हात केला आणि त्या बाया आत आल्या.

मला वाटलं, आता सगळं बदलेल. वाटणारच. पण कबरस्तान वेगळं आणि चर्च वेगळं. तुझ्यावरचा ठराव कुणी मागे घेतला नाही. मेलेल्या माणसाचा ठराव कशाला मागे घ्यायचा, असंच वाटलं असेल. हंगामाचा सण जवळ आलाय, म्हणून काल पाळकसाहेबांनी जाहीर केलं की यंदा पीक चांगलं आहे, सगळ्यांनी हात सैल सोडावा. नंतर प्रभुभोजन झालं.

मी तुझ्या जागी बसले होते, खिडकीजवळ. पप्पा ताट घेऊन आले. नेहमीप्रमाणे ते माझ्यापुढे धरलं. मी हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून, आणि उचलले नाहीत.

ते पुढे गेले नाहीत. "बेबी," ते हळूच म्हणाले. "घे."

मी मान हलवली. तशीच, तू हलवली होतीस तशी.

ताट त्यांनी वर उचललं नाही. माझ्यापुढेच धरून ठेवलं, मागची ओळ खाकरायला लागली तरी. त्यांचे हात मला दिसत होते, ताटाची कड घट्ट धरून नखं पांढरी पडलेली. मग ते पुढे गेले.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढला आणि खुर्चीत बसले. "का नाही घेतलंस?"

मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. "मावशीनं मला विचारलं होतं, माफी कशाबद्दल मागू. मला उत्तर सापडलं नाही. तुम्हाला माहीत आहे का, पप्पा?"

त्यांनी कोट मांडीवर घेऊन त्याची घडी घातली. मग विचारलं, "पुण्याचं पत्र आलंय ना तुझं? कधी निघतेस?"

"नाही जात."

ते तुझ्या ट्रंकेकडे बघत राहिले. त्यांना रडता येत नाही, तुला माहीत आहे. ते उठले आणि दूध तापवायला गेले.

मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आता सांगता येतं. कशाबद्दलच नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, फक्त तू ताटातून घ्यावंस म्हणून मी ते खोटं बोलायला तयार होते. तू नव्हतीस. तुझं भांडण माझ्या गळ्यात टाकून गेलीस आणि मी अजून ते भांडायला शिकलेली नाही. पण पुढच्या महिन्यात ताट पुन्हा येईल, तेव्हा मी तुझ्याच जागी असेन.

एक विचारायचं राहिलं. इतके महिने मी तुझ्या शेजारी बसले, पण मान वर करून कधी बघितलंच नाही. तुझ्या गुडघ्यांवरून ताट पुढे जायचं, तेव्हा तू डोळे मिटायचीस की उघडे ठेवायचीस?